एक्केचाळीस दिवसांचा अबोला

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. ‘परिस्थिती’तली पहिली वेलांटी ऱ्हस्व असते, हे मी तुला गेली तीस वर्षं सांगतोय. पण तू म्हणतेस ती परिस्थिती मात्र खरी आहे, म्हणून आज चुका काढत नाही.

बाल न्याय मंडळाचा निकाल काल लागला. भिंगरीने शाळेच्या व्हरांड्यातल्या अकरा काचा फोडल्या, हे तिने स्वतःच कबूल केलं. पायमोज्यात दगड भरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चालत चालत. शेवटच्या काचेमागे शाळेच्या शिपाईण मावशी खाली वाकून फरशी पुसत होत्या. तुकडा उजव्या भुवईत घुसला. सात टाके पडले. डोळा वाचला, पण त्या डोळ्याने अजून नीट दिसत नाही म्हणतात.

मंडळाच्या बाईंनी सांगितलं की मुलीला सहा महिने या गावापासून, या शाळेपासून लांब, एखाद्या जबाबदार नातेवाइकाकडे ठेवा. दर महिन्याला त्या नातेवाइकाने अहवाल पाठवायचा. पुन्हा काही घडलं तर थेट सुधारगृह. जबाबदार नातेवाईक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस आलं. तू नाही म्हणणार नाहीस हे गृहीत धरून शनिवारच्या बसचं तिकीट काढलंय.

ताई, मला एकच कळत नाही. आपल्या घरात मी कधी कुणावर हात उगारला नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. नानांचा स्वभाव तुला माहीत आहे, तरी त्यांनीही आपल्याला कधी चापट मारली नव्हती. मी दिवसभर छापखान्यात मुद्रितं तपासतो, घरी येतो, शांतपणे जेवतो. मग पंधरा वर्षांच्या मुलीत हा विध्वंस आला कुठून? शेजारचे म्हणतात, काही मुलं जन्मतःच तशी असतात. मला पटत नाही, पण दुसरं उत्तरही सापडत नाही.

तिला फार प्रश्न विचारू नकोस. काचेची भांडी वरच्या फळीवर ठेव.

लोभ असावा, ही विनंती.
तुझा,
पंडित

---

ता. १७ फेब्रुवारी

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद.

तुझी लेक सुखरूप पोचली. पाठीवर पिशवी, कपाळावर केसांची झापड, आणि तोंडाला कुलूप. माझ्या दोन खोल्या तिने तीन मिनिटांत पाहिल्या आणि खिडकीशी जाऊन बसली. काचेची भांडी मी मुद्दाम खालच्याच फळीवर ठेवलीत. रोज तीच विसळते.

दिवसभर घरी एकटी ठेवायची सोय नाही, म्हणून सकाळी इथल्या शाळेत आणि दुपारी माझ्याबरोबर धुलाईखान्यात. तू कधी आला नाहीस, म्हणून सांगते. इस्पितळाच्या मागच्या बाजूला तळघरासारखी लांबलचक खोली आहे. तीन मोठे ड्रम, एक पिळणी, चादरी सरळ करणारा वाफेचा रूळ आणि आम्ही आठ बायका. रोज सहाशे चादरी. ड्रम सुरू झाले की शेजारच्या बाईशी बोलायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. माझा आवाज असा का झालाय, असं तू दर भेटीत विचारतोस ना, ते हे.

पाच दिवस ती काही बोलली नाही. सहाव्या दिवशी इस्त्रीवर बसणाऱ्या आमच्या आजींच्या पदराचं टोक रुळाच्या दिशेने सरकताना तिने पाहिलं आणि अशी किंचाळली की तिन्ही ड्रम थांबवले आम्ही. आजींनी पदर ओढून घेतला, मग तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, गळा तर खणखणीत आहे, मग इतके दिवस कुणासाठी जपून ठेवला होता? सगळ्या हसल्या. ती पण हसली. तुझ्यासारखीच हसते, डावीकडून.

मी प्रश्न विचारले नाहीत. तुझ्या पत्रात मात्र एक गोष्ट शोधली, ती सापडली नाही. पोरीसाठी दोन ओळी. तुझं पत्र ती आली त्याच दिवशी हातात पडलं; पाकीट फोडलं तेव्हा ती समोर उभी होती. पाकीट रिकामं आहे का हे तिने मी ठेवल्यावर पुन्हा उचलून पाहिलं. तिला वेगळं पत्र लिही. वेलांट्या मोजत बसू नकोस.

बायकोला आशीर्वाद. ती हल्ली माझ्याशी मोकळेपणी का लिहीत नाही?

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ताई

---

ता. २० फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तिकीट खिडकीवर बसून, गर्दी कमी असताना लिहितेय. यांना सांगू नका. सांगितलंत तरी आता मला फारशी भीती उरलेली नाही.

यांनी तुम्हाला काय लिहिलं असेल ते मला ठाऊक आहे. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. खरंच आहे ते. पण मागच्या वर्षी भिंगरी गणितात नापास झाली आणि प्रगतिपुस्तकावर तिने स्वतःच सही केली. ते कळल्या दिवसापासून हे तिच्याशी बोलले नाहीत. एक्केचाळीस दिवस. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर टिंबं काढत होते, म्हणून आकडा पक्का आहे.

आमच्या घरात मी निरोप्या आहे, वन्सं. हे म्हणायचे, तुझ्या मुलीला सांग पाणी हवंय. तुझ्या मुलीला सांग दिवा बंद कर. मुलगी दोन हातांवर बसलेली असायची. तिनेही मग मलाच सांगायचं की बाबांना सांग, वहीवर सही हवीय. मी दोघांच्या मध्ये बसून इकडचं तिकडे करत राहिले. मला तेव्हा वाटायचं, निदान घरात भांडण नाही.

एकोणिसाव्या दिवशी तिच्या हातून पाण्याचा ग्लास निसटला. तो खरोखर निसटला होता. हे पटकन म्हणाले, सांभाळ, पायात जाईल. मी पाहिलं, पोरीचा चेहरा कसा उजळला ते. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं गप्प. तिसऱ्या दिवशी दुसरा ग्लास फुटला. तो निसटला नव्हता. हे मला तेव्हाच कळलं होतं आणि मी कुणालाच बोलले नाही.

मग जिन्यातला दिवा, मग समोरच्यांची कुंडी. त्या तिच्याच. पण एकदा नाव पडल्यावर न केलेलंही तिच्याच माथी यायला लागलं. शाळेत तिला दाराजवळ एकटीला बसवायला लागले. प्रयोगशाळेतली नळी दुसऱ्याच कुणीतरी फोडली, तरी बोलावणं तिला. दुकानदार तिला पाहिलं की बरण्या मागे सरकवायचा. मुलं तिला काचफोडी म्हणायची. ती एकदा मला म्हणाली होती की आई, फोडलं तरी मीच आणि नाही फोडलं तरी मीच, मग हात राखून काय करू? मी तिला गप्प बस म्हणाले. मीसुद्धा तेच म्हणाले, बघा.

त्या मावशींना मी दर आठवड्याला भेटते. त्या मला बसायला सांगतात, पण फारशा बोलत नाहीत. तो त्यांचा हक्क आहे.

पोरीला जवळ घ्या. पत्राने कंटाळा आणला असेल तर पोटात घाला.
आपली,
भावजय

---

ता. ११ मार्च

चि. पंडितास,
आशीर्वाद आहेतच, पण आज त्यांच्याबरोबर दोन रट्टेही आहेत असं समज.

पोरीने तुला पत्र लिहिलं. तुझ्या पत्राची वाट पाहून थकली आणि शेवटी आपणच लिहिलं. चार संध्याकाळी लागल्या तिला. पान फाडायची, पुन्हा लिहायची. मी वाचलं नाही. टपालात टाकताना पेटीच्या तोंडात हात घालून ते खाली पडल्याची खात्री करून घेतली तिने.

आणि तू काय केलंस? तेच पत्र परत पाठवलंस. लाल शाईने बत्तीस चुका दुरुस्त करून, खाली ‘प्रयत्न चांगला’ असा शेरा मारून. मला माहीत आहे, तुझ्या मनात वाईट नव्हतं. तुझी मायाच तशी आहे, माझ्या वेलांट्यांवर सुद्धा ती अशीच सांडते. पण मी पन्नाशीची बाई आहे. ती पंधराची आहे, आणि त्या दोन पानांत तिने तुझी क्षमा मागितली होती. क्षमेतला ‘क्ष’ तू दुरुस्त केलास, पंडित.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने दोन नंबरच्या ड्रमच्या दाराची जाड काच लोखंडी दांड्याने फोडली. कुणाला लागलं नाही. पण ड्रम बंद, आणि वरच्या दोन वॉर्डांना चादरी कमी पडल्या. आमचे साहेब खाली आले आणि म्हणाले, मुलीला आजच्या आज बाहेर काढा. पुढच्या अहवालात हे लिहावं लागेल आणि मग सुधारगृह, एवढंच माझ्या डोक्यात.

इस्त्रीवाल्या आजी साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, काच येईपर्यंत त्या ड्रमच्या चादरी आम्ही हाताने धुऊ आणि ही आमच्याबरोबर धुवेल, बाहेर काढून चादरी धुतल्या जाणार आहेत का? साहेब पुटपुटत वर गेले. तीन दिवस आम्ही दगडी हौदावर उभं राहून धुतलं. तुझ्या लेकीच्या बोटांची सालं गेली. आणि बाकीच्या सातही जणी तिला दिवसभर बोलल्या रे. वाट्टेल ते बोलल्या. माझी कंबर मोडली, मेले तर तुझ्या नावाने मरेन, इथपर्यंत. आणि चारच्या सुट्टीत त्यांनीच तिच्या हातात गरम चहा दिला, बिस्किटाचा पुडा पुढे केला, हातांना तेल लावलं.

संध्याकाळी घरी येताना ती मला म्हणाली की आत्या, माणसं रागावतात आणि त्याच तासात चहा पण देतात, हे मला माहीतच नव्हतं. मी रस्त्यातच थांबले. तिला वाटलं माझ्या पायात गोळा आला.

अहवालात मी सगळं खरं लिहिलंय. ड्रम, हौद, चहा, सगळं. बघू मंडळ काय म्हणतं.

आता माझं. तुझ्या पहिल्या पत्रात तू विचारलंस, हे आलं कुठून. मी उत्तर द्यायचं टाळलं. तू चौदा वर्षांचा असताना कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानाचा मोठा आरसा फुटला होता. मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होते. मी पाहिलं होतं, पंडित. आजवर कुणाला बोलले नाही. तुलाही नाही.

रागावलास तरी लिही.
तुझी,
ताई

---

ता. ४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला चोवीस दिवस घेतले. कामाचा व्याप होता असं लिहायला सुरुवात केली होती, ते पान फाडलं. व्याप नव्हता. तुझ्याशी अबोला धरला होता. परवा हिने माझ्यासमोर मागच्या आणि या वर्षाच्या दिनदर्शिका आणून ठेवल्या. त्यांवर टिंबं होती. मागच्या वर्षीची एक्केचाळीस आणि तुझ्या पत्रानंतरची बावीस. त्या ठेवून कामावर निघून गेली.

आरसा मीच फोडला. तुला माहीत होतं हे कळल्यावर पहिल्यांदा लाज वाटली, आणि मग, खोटं का बोलू, सुटल्यासारखं वाटलं. त्या वर्षी शिष्यवृत्तीची परीक्षा चुकली म्हणून नाना माझ्याशी बोलत नव्हते. किती महिने, ते तुला आठवत असेल. शाळेत ते मुख्याध्यापक आणि घरी वडील, त्यामुळे दोन्ही ठिकाणी शुकशुकाट. आरसा का फोडला, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. एवढं आठवतं की तो फुटल्याबरोबर सगळी गल्ली एकदम बोलायला लागली. आणि मी धावत घरी आलो तेव्हा नानांनी विचारलं, तुला कुठे लागलं नाही ना?

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते एकदा लिहूनच काढायचंय. दुकानाच्या पायरीवर एक हमाल दुपारी टेकायचा. लोकांनी त्याला धरलं. तो नाही नाही म्हणत होता. त्याला मारलं, त्याची हातगाडी उलटी केली आणि गल्लीतून हाकलून दिलं. मी खिडकीतून पाहत होतो. माझं नाव कुणाच्या मनातही आलं नाही. मास्तरांचा मुलगा असं करणारच नाही, असं न्हावी स्वतः म्हणाला. त्या एका वाक्यावर मी पुढे शिकलो, नोकरीला लागलो, सभ्य गृहस्थ झालो. भिंगरीला असं म्हणणारं एकही माणूस मिळालं नाही. शेजारी नाही, शाळेत नाही, आणि घरात तर मी होतो.

नानांना मी आयुष्यभर कडक म्हणत आलो, आणि त्यांचं तेच हत्यार घरी आणून मी त्याला शांतता म्हणत होतो.

सोबत भिंगरीसाठी वेगळं पाकीट आहे. त्यात मी आरशाचं सगळं लिहिलंय. तिच्या वयाच्या मुलीला हे सांगावं की नाही, यावर दोन दिवस विचार केला. शेवटी वाटलं, सांगण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नाही. शेवटी एवढंच लिहिलंय की मी चुकलो, आणि तू कितीही वाईट वागलीस तरी यापुढे मी तुझ्यावर रागावेन, पण तुझ्याशी बोलणं बंद करणार नाही. हे मला जमेल की नाही, ठाऊक नाही. चुकलो तर ताई, तू कान धर.

लोभ होता तसाच आहे ना, एवढं कळव.
तुझा,
पंडित

---

ता. २७ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. आत्याला पण दाखवलं. ती रडली आणि मग म्हणाली की डोळ्यांत साबण गेला. घरात साबण नव्हता.

माझ्या पत्रात चुका असतील. असू द्या. आता मी पुन्हा लिहिणार नाही, चार दिवस जातात.

मंडळाच्या बाई इथे आल्या होत्या. त्यांनी आजींना विचारलं की ही मुलगी कशी आहे. आजी म्हणाल्या, तोंडाळ आहे, कामाला निट आहे, आणि ड्रम हिनेच फोडला, पण चादरी पण हिनेच धुतल्या. बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि मला ऑगस्टपर्यंत इथेच राहायला सांगितलं. मी आता ईस्त्रीच्या रुळावर चादरीचं टोक धरते. सरळ धरलं नाही तर घडी बसते आणि ती जात नाही.

बाबा, तुम्ही एक्केचाळीस दिवस बोलला नाहीत तेव्हा मला वाटायचं मी दिसतच नाही. पण अकरा काचा मी त्यासाठी नाही फोडल्या. त्या दिवशी वर्गात एका मुलीची पेन्सिलपेटी हरवली आणि बाईंनी आधी माझं दप्तर उपसलं. सगळ्यांसमोर. पेटी तिच्याच बाकाखाली सापडली, तरी चुकलं एवढंसुद्धा मला कुणी म्हटलं नाही. तेवढं बोलले असते तरी चाललं असतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. मावशी काचेमागे आहेत हे मला दिसलं नव्हतं, आणि मी बघितलंसुद्धा नव्हतं. आत्या म्हणते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी माझी आहे.

मला मावशींना भेटायचंय. पत्र नको, तोंडाने.

आणि एक विचारू? त्या हमालाचं पुढे काय झालं? तुम्ही सगळं लिहिलंत, ते लिहिलंच नाहीत.

आईला सांगा, नको, आईला मीच वेगळं लिहिते.

तुमची,
भिंगरी

---

ता. १७ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भिंगरी घरी आली त्याला आठवडा झाला. मंडळाने प्रकरण बंद केल्याचा कागद काल हातात आला. शाळा बदलली. नव्या शाळेत पहिल्याच दिवशी मागच्या बाकावर बसायला सांगितलं, तर तिने विचारलं की का. बाई म्हणाल्या, तू उंच आहेस म्हणून. घरी येऊन तिने हे आम्हाला दोनदा सांगितलं.

ती यायच्या आधी, तिचा प्रश्न खिशात घेऊन मी आपल्या जुन्या गल्लीत जाऊन आलो. न्हाव्याच्या दुकानात आता चपला विकतात. म्हातारा वरच्या मजल्यावर असतो. मी त्याला सगळं सांगितलं. त्याला आरसा आठवत होता. त्याची चौकट, कुठल्या गावाहून आणला होता, वर पानाफुलांची नक्षी होती, सगळं. हमाल आठवत नव्हता. नाव कुणीच विचारलं नव्हतं. गल्लीत आणखी सहा जणांना विचारलं, पण पत्ता नाही. हे मी भिंगरीला तसंच सांगितलं. ती म्हणाली की बाबा, तुम्हाला आता जायला जागाच नाही. मला आहे.

काल आम्ही मावशींकडे गेलो. दोन जिने चढून एक लहानशी, स्वच्छ खोली. वाटेत मी काय काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. दारात पोचल्यावर मीच बोलायला सुरुवात केली, की आम्हाला फार वाईट वाटतं वगैरे. मावशींनी हाताने थांबवलं आणि म्हणाल्या, तुम्ही खाली थांबा, साहेब, काच तुम्ही फोडली नाहीत. मी खाली येऊन फाटकापाशी उभा राहिलो. तास झाला. सायकली गेल्या, एक बाई पिशव्या घेऊन आत गेली, पाण्याचा टँकर आला आणि गेला. वर जावं असं चारदा वाटलं. गेलो नाही.

ती खाली आली तेव्हा डोळे सुजले होते. मी काही विचारलं नाही, आणि या वेळचं माझं न विचारणं वेगळं होतं, हे तिला कळावं म्हणून तिची पिशवी मी हातात घेतली. निम्म्या वाटेत म्हणाली की मी सगळं सांगणार नाही. मी म्हटलं, नको सांगूस. मग आपल्या जिन्याच्या पहिल्या पायरीपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत तिने सगळंच सांगितलं.

मावशींनी तिला भुवईवरच्या खुणेवरून बोट फिरवायला लावलं. वाचताना त्या डोळ्याला अजून अक्षरं दोन दिसतात, हे सांगितलं. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, माझे यजमान होते तेव्हा त्यांनाही एकदा न केलेल्या चोरीसाठी कामावरून काढलं होतं, तेव्हापासून ते घरी भांडी आपटायचे, म्हणून मला तुझा राग कळतो. पण कळला म्हणजे डोळा बरा होत नाही. मग विचारलं की तुझं वाचन कसं आहे. त्यांची मुलगी परगावी असते, तिची पत्रं येतात आणि ती आता त्यांना धड वाचता येत नाहीत. शेजारणीकडून वाचून घ्यायला लाज वाटते.

दर रविवारी चार वाजता जायचं ठरलंय. मी सोडायला येऊ का, असं विचारलं. नको म्हणाली. मग दारातून परत फिरली आणि म्हणाली, बाबा, कोपऱ्यापर्यंत आलात तर चालेल.

आज रविवार आहे. साडेतीन झालेत, ती चपला घालतेय आणि मला हाक मारतेय. पत्र इथेच थांबवतो. चुका तपासायला वेळ नाही.

तुझ्या धुलाईखान्यातल्या सगळ्यांना नमस्कार, आणि तुझा लोभ आम्हा तिघांवर असू दे.
तुझा,
पंडित